बाबा, जुना फोन परत येणार नाही

पुणे,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

संतूदादा शनिवारी पहाटे बसनं उतरेल. त्याच्याकडं एक डबा दिलाय. त्यात नवा फोन, चार्जर आणि हे पत्र आहे. आधी पत्र वाचा, मग फोन काढा. मुद्दाम कागदावर आणि मोठ्या अक्षरात लिहितेय. फोन कसा वापरायचा हे फोनवरच पाठवलं तर तुम्ही वाचणार कुठं? शिवाय कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येतो, तुमच्या पगाराच्या हिशेबासारखा.

जे सांगायला जड जातंय ते आधी सांगते. गेल्या महिन्यात आले तेव्हा "बॅटरी फुगलीय, पुण्यात दुरुस्त करून आणते" म्हणून तुमचा फोन घेऊन गेले. ते खोटं होतं, बाबा. बॅटरी ठीक होती. आईनं मला सगळं सांगितलं होतं. तिच्यावर चिडू नका. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून ती तुळशीपाशी उभं राहून, तोंडाला पदर लावून बोलत होती. नऊ हजार गेले याचं तिला एवढं नव्हतं. तुम्ही चार दिवस अर्ध्या भाकरीवर उठत होता, ते तिला बघवत नव्हतं.

आणि त्या संध्याकाळी तुमचे तीन मिस्ड कॉल होते माझ्या फोनवर. मी मीटिंगमध्ये होते. रात्री साडेदहाला बघितले आणि आता झोपले असतील म्हणून राहू दिलं. सकाळी विसरले. म्हणजे ती फाईल उघडायच्या आधी तुम्ही मला विचारायला फोन केला होता. जे करायला हवं तेच तुम्ही केलं, मीच उचलला नाही. हे महिनाभर माझ्या मनात आहे.

ते कसं झालं ते एकदा नीट सांगते. मेसेजात लिहिलं होतं, मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार, खालची फाईल उघडा. ती बिलाची फाईल नव्हतीच. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं होती. तसली फाईल उघडली की फोनमध्ये एक ॲप बसतं आणि तुम्हाला आलेले मेसेज गुपचूप दुसरीकडं पाठवत राहतं. बँकेचा ओटीपीसुद्धा. तुम्ही कुणाला ओटीपी सांगितला नाही हे खरंच आहे, माझा विश्वास आहे. सांगायची वेळच आली नाही, त्यांनी तो परस्पर घेतला. आणि बाबा, आपलं बिल २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य येतंय ना? आपण दोनशे युनिटच्या कितीतरी खाली असतो. मग थकबाकी कसली? पण लाईट जाणार म्हटल्यावर आईच्या वाफेच्या मशीनचा विचार आधी डोक्यात आला असणार. पावसात तिला रात्रीचं ते लागतंच. अशा वेळी कुणालाही दुसरं काही सुचत नाही. मलाही सुचलं नसतं.

तर मी काय केलंय ते सांगते. हे ठरवून झालंय, त्यामुळं "कशाला गं एवढा खर्च केलीस" म्हणू नका.

जुना फोन मी पूर्ण पुसून टाकला. त्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं कधीच बंद झालं होतं, म्हणून तो परत द्यायचा नाही असं ठरवलं. फोटो सगळे आधी काढून घेतलेत. रिटायर झाला त्या दिवशीचा हारातला फोटोही आहे, काळजी करू नका. तुमचं जुनं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये आहे, ते तिथंच राहील. पेन्शनच्या खात्याला तोच नंबर आहे. त्या फोनला नेटही नाही आणि ॲपही नाही, म्हणून तसली फाईल तिथं उघडूच शकत नाही. तो फोन देव्हाऱ्याच्या खणात ठेवा, दर रविवारी चार्ज करा. नव्या फोनमध्ये आपण बेळगावात गोवावेशीला घेतलेलं नवं सिम आहे. ते फक्त बँकेतल्या छोट्या खात्याला जोडलंय. त्या दिवशी तुमची सही घेतली ती यासाठीच. तेव्हा कारण सांगायला हवं होतं, तोंडातून निघालं नाही. त्या खात्यात मी दर महिन्याला पाच हजार घालेन. भाजी, औषधं, रिचार्ज सगळं त्यातून करा. उद्या पुन्हा काही झालंच तरी तेवढ्यापुरतंच होईल, पेन्शनला हात लागणार नाही.

तुमच्यावर विश्वास नाही म्हणून हे केलं असं कृपा करून समजू नका. माझ्या ऑफिसातही मोठ्या रकमेचं खातं आणि रोजच्या खर्चाचं खातं वेगळंच ठेवतात. माझंही मी तसंच केलंय.

आता फोनबद्दल. भाषा मराठी केलीय, अक्षरं मोठी केलीत, घंटी खणखणीत ठेवलीय. पहिल्या पानावर फक्त सहा चित्रं आहेत. माझा फोटो, आईचा, संतूदादाचा, डॉक्टरांचा नंबर, व्हॉट्सॲप आणि कॅमेरा. फोटोला बोट लावलं की थेट फोन लागतो.

तुमच्या बोटांचा विचार मी बराच केला. चाळीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काढल्यावर त्या बोटांना काचेवर हलका स्पर्श कसा जमणार? मी आले तेव्हा बघत होते. तुम्ही चित्रावर बोट दाबून धरता. फोनला वाटतं की चित्र उचलायचंय, मग ते हलतं, सरकतं, कधी गायब होतं आणि तुम्ही म्हणता फोन बिघडला. फोन बिघडत नाही. बोट किती वेळ धरलं की चित्र उचलायचं हे सेटिंगमध्ये ठरवता येतं, तो वेळ मी सगळ्यात जास्त केलाय. चित्रं जागेवरून हलू नयेत म्हणून कुलूपही घातलंय. तरी सवय हवी. आठवतं, मी तिसरीत असताना खंडेनवमीला मला शॉपवर नेलं होतं? मशिनींना झेंडूचे हार होते. तुम्ही मायक्रोमीटर माझ्या हातात दिलात आणि माझ्या वेणीतला केस मोजायला लावलात. मी जोरात पिळायला लागले तर म्हणालात, "जोर नको गं, रॅचेट कटकट वाजली की सोड." केस ०.०७ मिलिमीटर भरला होता. वर्गात मी आठवडाभर ते सांगत होते. तसंच करा बाबा. बोट टेकलं की सोडा.

याच बोटांमुळं पेन्शनच्या दाखल्याचा त्रास होतो. अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यात, मशीन घेत नाही, आणि तुम्ही दर वर्षी रांगेत उभं राहून तीनतीनदा अंगठा पुसत बसता. आता जायचं नाही. चेहऱ्यावरूनही हयातीचा दाखला देता येतो. त्यासाठीची 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेसआरडी' ही दोन्ही ॲप टाकून ठेवलीत. आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर आणि खात्याचा नंबर लागतो. पीपीओ तुमच्या निळ्या डायरीत आहे. सकाळी खिडकीकडं तोंड करून बसा, चष्मा काढा, सांगेल तेव्हा डोळे मिटा आणि उघडा. तुमची पीएफची पेन्शन आहे, त्यामुळं नोव्हेंबरचीच वाट बघायला नको. दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. पहिल्यांदा मी सोबत असेन.

कन्नड कागदांचंही बघितलंय. तुम्ही बोलता कंपनीतल्या कुणासारखंही, पण वाचायचं म्हटलं की शेजारच्या पोराला हाक मारता आणि तो नसला की कागद टेबलावर तसाच पडतो. गूगलच्या चौकोनात उजवीकडं कॅमेऱ्याचं चित्र आहे. ते दाबा, खाली 'भाषांतर करा' निवडा, कागदावर धरा. कन्नड अक्षरांच्या जागी मराठी दिसायला लागतं. मी मामांच्या नंदगडच्या पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, करून बघितलं. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक बऱ्यापैकी कळतं. नावांचं मात्र भलतंच करतं, म्हणून नावावर आणि सहीच्या कागदावर त्याचा भरवसा ठेवायचा नाही. तिथं माणसालाच विचारायचं.

आई, तुझ्यासाठी. तुला टाईप करायला नको वाटतं म्हणून तू मला नुसता हात जोडलेला इमोजी पाठवतेस. कीबोर्डवर माइकचं चित्र आहे, ते एकदा दाब आणि बोल. मराठीच उमटतं. आणि माझ्याशी बोलायचं असेल तर व्हॉट्सॲपच्या चौकोनाशेजारचा माइक धरून बोट वर सरकव, कुलूप लागतं. मग पोळ्या लाटत हवं तेवढं बोल. मी बसमध्ये ऐकते, घरी आल्यासारखं वाटतं. नंदगडला एकटी जातेस तेव्हा लोकेशन पाठवत जा. क्लिपचं चित्र, लोकेशन, 'लाइव्ह', आठ तास. बायकांना बस फुकट आहे म्हणून अंधार होईपर्यंत थांबू नकोस. निघताना बाबांना कळव.

सकाळच्या फुलांच्या फोटोंनी फोन भरतो आणि मंद होतो. ते आपोआप उतरणं मी बंद केलंय. तरी महिन्याला एकदा व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'स्टोरेज मॅनेज करा' उघडून मोठे व्हिडिओ काढून टाका. नातवाचे काढू नका, बाकीचे काढा.

आता हे तीन मात्र ऐकायचंच. यात "बरं बघू" चालणार नाही.

पैसे आपल्याकडं येणार असतील तर पिन कधीच लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. कुणी म्हणालं पैसे मिळवायला पिन घाला किंवा कोड स्कॅन करा, तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन मी घातलेला नाही. तो तुम्हीच ठरवायचा आणि मलाही सांगायचा नाही.

पोलीस, कोर्ट, बँक, वीज, कुणीही असो, घाबरवून "आत्ताच्या आत्ता" म्हणालं की फोन कापायचा. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही, डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही. "मुलीला विचारून सांगतो" म्हणायला लाज वाटायचं कारण नाही. आणि तुमचा फोन आला की मी उचलेन. मीटिंगमध्ये असले तरी. तुम्हा दोघांच्या नंबरला मी वेगळी घंटी लावलीय.

आणि काही झालंच तर चार दिवस मनात ठेवायचं नाही. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोन करायचा. जितक्या लवकर कळवू तितकं पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. मागच्याची तक्रार मी घातलीय, पैसे अजून आलेले नाहीत. नाही आले तरी राहू देत. एवढे पैसे मी दोन महिन्यांत बाजूला काढते. तुम्ही पोटभर जेवा.

तब्येतीचं राहिलं. बाजूचं बटण पाचदा भराभर दाबलं की फोन स्वतः मदतीचा कॉल लावतो. मी इथं बघून घेतलंय. पण उगीच करून बघू नका, खरंच लागतो. कुलूप लागलेल्या पडद्यावरही 'आणीबाणी' दाबलं की तुमचा रक्तगट, शुगरच्या गोळ्या आणि माझा नंबर दिसतो. सकाळी आठ आणि रात्री आठला गोळीचा गजर आहे. गजर बंद करून गोळी विसरायची नाही, आधी गोळी, मग गजर. आई, तू लक्ष ठेव.

मी तिकडं यायला हवं होतं हे मला कळतं. दोन वर्षांपूर्वी बेळगावातली ती नोकरी घेतली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, जा, आमचं काय अडतंय. बाबा, तेव्हा तुम्ही लेथचा आवाज नसलेल्या घरात नुकते बसायला लागला होता. मला दिसत होतं, तरी गेले. दिवाळीला आठ दिवस येते, रजा टाकलीय.

शनिवारी अकरा वाजता आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल करते. नवा फोन चार्ज करून ठेवा, डायरी जवळ घ्या, बँकेचं कार्ड काढून ठेवा. ते कॅमेऱ्यासमोर धरायचं नाही. पिन घालताना मी तोंड फिरवेन. संतूदादाला बासमतीचा भात आणि आंबट वरण घाला, महिनाभर तेच बोलतोय.

तुमची,
चिमी

ता. क. आई, फोनवर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद काढून टाक. नवा दिसावा म्हणून ठेवू नकोस. त्याच्यावरून बाबांचं बोट लागत नाही.