आजोबांच्या फोटोतली जागा सापडली, मनापासून आभार

आम्ही भुसावळचे, आजोबा रेल्वेत होते. त्यांचा मुंबईतला एकच फोटो घरात आहे, कडा पिवळ्या पडलेल्या, मागे अर्धी ट्राम, एक डबलडेकर बस आणि वर पंखवाली मूर्ती असलेली दगडी बिल्डिंग. आम्ही इतकी वर्षं ते व्हीटी स्टेशनच समजत होतो.

परवा बोरीबंदरला फोटो हातात धरून उभा होतो तर एक वयस्कर काका स्वतःहून थांबले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले अरे ही तर समोरची महापालिका! दोन्हीचा आर्किटेक्ट एकच, स्टीव्हन्स, व्हीटी आधीची आणि ही १८९३ ची. डबलडेकर १९३७ ला आली, ट्राम १९६४ ला बंद झाली, म्हणजे फोटो मधल्या काळातला, हे पण त्यांनीच सांगितलं.

आणि तो चहावाला दादा, ज्याने तोच अँगल मिळावा म्हणून धंद्याच्या टायमाला बसायचं स्टूल दिलं! नावं विचारायची राहिली हो. परत येईन तेव्हा भरताची वांगी घेऊन येतो.

आजी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बसलीय, मूर्तीवरून सारखं बोट फिरवतेय.