सिस्टर, तुम्ही आधी बाळाची विचारपूस केलीत

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

बाळ मावशीच्या घरी सुखरूप पोहोचल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "छान. आता दर आठवड्याला वजन कुठे करणार ते विचारून घ्या." आणि फोन ठेवलात. मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण हे मनात ठेवून मला झोप येत नाही.

आमच्या साइटवर साफसफाई करणारी ती पोर बाळंतपणात गेली. मागे उरलं पावणेदोन किलोचं बाळ, आणि त्या शहरात त्याला आपलं म्हणणारं कुणी नव्हतं. जिथे ती गेली तिथे जागा नाही म्हणून बाळ आमच्या हातात दिलं. पुढच्या ठिकाणी विचारलं, तुम्ही याचे कोण? त्यापुढच्या ठिकाणी, आधी अनामत भरा. एका संस्थेच्या फाटकावर हसऱ्या मुलांचे मोठाले फोटो होते, आणि आतून उत्तर आलं की प्रवेश सकाळी, अर्जासोबत. माझं नाव, माझा पासपोर्ट, माझ्या कंपनीचा पत्ता सगळ्यांनी विचारला. टॉवेलात गुंडाळलेल्या त्या जिवाबद्दल एकानेही काही विचारलं नाही. मला त्या लोकांचा राग अजून येतो, आणि तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

तुम्ही तुमच्या अनाथालयाचं दार उघडलंत आणि विचारलंत, "शेवटचं दूध कधी घेतलं?"

एवढ्या रात्रीत बाळाबद्दलचा तो पहिला प्रश्न होता. तोवर तुमचा हात त्याच्या पावलांवर गेला होता. पावलं गार पडली होती. काखेतला थर्मामीटर 35 दाखवत होता. तुम्ही मला म्हणालात, "शर्ट काढा." मी नुसता बघत राहिलो. तुम्ही ओला टॉवेल बाजूला केलात, लंगोट बदललात, डोक्यावर लोकरीची टोपी चढवलीत आणि बाळ माझ्या उघड्या छातीवर उभं धरलंत. मान एका बाजूला वळवून, नाक मोकळं राहील असं. वरून चादर घट्ट बांधलीत. "दूध होईपर्यंत हा तुमच्याकडे," म्हणून आत गेलात.

सिस्टर, मी त्याचा बाप नाही, काका नाही, त्या देशाचाही नाही. पण तुम्ही माझी कागदपत्रं तपासायच्या आधी माझ्यावर विश्वास टाकलात. त्या रात्री दारोदार हाकललं गेल्यावर मला बसायला खुर्ची दिली असती तरी भरून आलं असतं. तुम्ही तर मला त्या बाळाच्या उपयोगी पडू दिलंत. थोड्या वेळाने त्याची बोटं हलली, माझ्या छातीवर त्याची नखं लागली. ती नखं मला आजही जाणवतात.

त्यामागचं शास्त्र तुम्ही नंतर, कपडे वाळत घालता घालता सांगितलंत. बाळ गारठलं की त्याच्या रक्तातली साखर उतरते, साखर उतरली की ते दूध ओढत नाही, आणि दूध पोटात गेलं नाही की आणखी गारठतं. कोलंबियातल्या बोगोटामध्ये 1978 साली इन्क्युबेटर पुरत नव्हते, बाळं संसर्गाने दगावत होती, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ती आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच असं छातीशी धरावं, असं 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं. आम्हाला त्या रात्री परत पाठवणाऱ्यांपैकी हे कुणालाच माहीत नव्हतं, असं मी कसं मानू?

पुढे सुट्टीच्या दिवशी मी येत राहिलो आणि तुमचा दिवस कसा जातो ते पाहिलं. उजाडायच्या आधी प्रार्थना, आणि तीही एखादं मूल रडलं की अर्ध्यावर सोडलेली. मग बाळांचं दूध, बाटलीने नाही, लहान कपाने. कारण बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. मोठ्यांची खरूज, कान, जंताच्या गोळ्या. दंडाला लावायचा तो रंगीत पट्टा तुमच्या खिशात कायम असायचा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टा लाल दाखवतो, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि मग तुमच्या कपाळाला आठी. अशा मुलांना रात्रीही दोन-तीन तासांनी भरवायचं असतं. तो गजर तुम्ही स्वतःच्या उशाशी ठेवला होतात, मुलांना सांभाळणाऱ्या दाईंच्या नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही कुणाचंच ऐकून बदलली नाहीत. एका बाळाची दाई एकच. पाहुणे यायचे, दिसेल त्या मुलाला उचलायचे, फोटो काढायचे, तासाभरात निघून जायचे. तुम्ही त्यांना हात धुवायला लावून भाजी चिरायला बसवायचात. काहींना राग यायचा, एकदा तर देणगी परत गेली. "रोज नव्या हातात गेलेलं मूल कुणाचंच होत नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. रुमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांचा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं: कुटुंबात गेलेली मुलं संस्थेतल्या मुलांपेक्षा अधिक उमलली. अनाथालय चालवणारी बाई अनाथालय रिकामं व्हावं म्हणून झटते, हे मी तुमच्याकडेच पाहिलं. केवळ गरिबीपायी मूल घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2009 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं आहे. तुम्ही त्यासाठी धुळीच्या रस्त्यांनी गावोगाव फिरलात आणि मावशी शोधून काढलीत. ती आधी नाही म्हणाली, घरात तिची स्वतःची तीन मुलं. तुम्ही तिला उपदेश केला नाहीत. दूध कसं करायचं ते दाखवलंत, कप दिलात, आणि पुन्हा येईन म्हणालात. आणि गेलात.

भलेपणावर भाषणं खूप ऐकली आहेत मी. थकलेलं असताना, कुणी बघत नसताना, अनोळखी लेकराचा लंगोट बदलणारं माणूस त्या भाषणांपलीकडचं असतं. तुम्ही हे तुमच्या देवासाठी करता असं म्हणता. माझा त्या श्रद्धेशी फारसा संबंध नाही, पण तिच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

मावशीच्या गावात सोमवारी आरोग्य केंद्राची नर्स येते, वजन तिथे होईल. लसीचं कार्ड तिने जपून ठेवलं आहे. बाळ रात्री दोनदा उठतं आणि कपाने व्यवस्थित पितं. तुमच्या वजनकाट्याच्या बॅटऱ्या आणि लहान मापाच्या टोप्या मी पुढच्या सुट्टीत घेऊन येतो. आणखी काही हवं असेल तर या वेळी संकोच न करता सांगा.

आपला ऋणी,
साइटवरचा तो इंजिनिअर