रमाबाईंच्या पत्रांपर्यंत नेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम सलाम.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच प्रकृतीची चौकशी सुरू करता, म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीत लहानपणापासून पंडिता रमाबाई भेटल्या त्या भिंतीवरच्या तसबिरीसारख्या. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल. सगळं खरंच, पण तसबिरीशी वाद घालता येत नाही. आणि मला तर त्रैक्याचा प्रश्न छळत होता. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, तरी देव एकच, हे कसं? जिथे विचारलं तिथे "प्रार्थना कर" एवढंच उत्तर. तुम्ही मात्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली काढलेला रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार पुढे ठेवलात आणि म्हणालात, "1885 ची पत्रं आधी वाच."

ती वाचून मी हादरलेच. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेली, पदरात लहानगी मनोरमा असलेली, परक्या देशात मठातल्या सिस्टरांच्या आधारावर राहणारी विधवा. आणि तीच त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीनना बजावते की हिंदुस्थानी पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही! चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी तर ख्रिस्ताच्या देवत्वावरच वाद. (बीलबाईंनी तो ज्या धीराने ऐकून घेतला, त्यासाठी मला त्या फार आवडतात. बिशपांना तो धीर नव्हता; रमाबाईंनी पुरुषांना शिकवणंही त्यांना खपेना.)

मी रमाबाईंना बंडखोर ठरवून मोकळी झाले असते. तुम्ही होऊ दिलं नाहीत. आधी थेट 325 सालच्या नायसीयाच्या धर्मपरिषदेला नेलंत. पुत्र नव्हता असाही एक काळ होता, असं म्हणणारा एरियस. त्याच्याविरुद्ध आयुष्यभर झगडलेला, पाच वेळा हद्दपार झालेला अलेक्झांड्रियाचा अथनेशियस. परिषदेने निकाल दिल्यावरही भांडण मिटलं नाही, 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेपर्यंत धुमसत राहिलं. रविवारी आम्ही जो विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, एका दमात म्हणतो, त्यातल्या शब्दाशब्दावर माणसं अशी झुंजली होती, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग रमाबाईंची उतारवयातली साक्ष वाचायला लावलीत. ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्या स्वतःच्या बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांबद्दल म्हणतात. म्हणजे 1885 ची पत्रं खोटी का, असं मी विचारलं. "दोन्ही त्यांचीच आहेत," एवढंच म्हणालात आणि चहा टाकायला उठलात. त्रैक्य मला आजही पुरतं कळलेलं नाही, पण उपासनेत बसून त्यावर विचार करायची आता चोरी वाटत नाही. हे तुमचे उपकार.

नीळकंठशास्त्री गोऱ्यांबाबत मात्र तुमचं मला पटत नाही. काशीतला हा शास्त्री 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाला, त्याच्या लिखाणाने रमाबाईंनाही हलवलं, हे मान्य. तुम्ही त्यांना रमाबाईंहून मोठे धर्मपंडित मानता. मला ते वाचताना त्यांचा तर्क दिसतो, जीव दिसत नाही. पुढच्या महिन्यात नगरला येतेय. त्यांचं 'षड्दर्शन दर्पण' काढून ठेवा, भांडू.

तुमची विद्यार्थिनी