काका, गाडी आता बोगद्यापाशी अडत नाही

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

तुम्हाला आठवत असेल, आपली गाठ जिन्यात पडली. माझ्या हातात भांडी घासायची तारेची घासणी होती आणि तुम्ही सहज विचारलंत, "एवढ्या घाईने कुठे?" मी म्हटलं, "खेळण्यातल्या गाडीचे रूळ घासायला." तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं माझ्या हातून खूनच झालाय. इंजिनाच्या मोटरमध्ये लोहचुंबक असतं, घासणीचे बारीक तुकडे तिथे जाऊन चिकटतात आणि मोटर शॉर्ट होते, हे मला ठाऊकच नव्हतं. बाबांनी 1986 साली जर्मनीहून आणलेलं इंजिन त्या दिवशी थोडक्यात वाचलं.

सेट तीस वर्षं माळ्यावर होता. लेकीला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवून आणलं आणि घरी पाऊल टाकताच तिने आजोबांची पेटी खाली काढायला लावली. माप 1:87, दोन रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. जुने रूळ पितळी, नवे मी घेतलेले जर्मन सिल्व्हरचे. (त्यात तांबं, जस्त आणि निकेल, चांदी नावालाही नाही. आई मात्र त्यांना 'जर्मनचे रूळ' म्हणते, म्हणजे तिच्या हिशेबी ॲल्युमिनियमचे.) इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. ते झोकात निघायचं आणि बोगद्याच्या तोंडाशी आचके देऊन उभं राहायचं. बोट लावलं की वीतभर पुढे, की पुन्हा ठप्प. आईच्या सांगण्यावरून पितळी रुळांना चिंच-मीठही लावून झालं. दोन दिवस देवाच्या भांड्यांसारखे लखलखले आणि पावसाळी हवेत पुन्हा काळवंडले. मग मी पॉलिश पेपर काढला. त्या ओरखड्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही. पण प्रत्येक ओरखडा म्हणजे काजळी साठायला खाच, एवढं डोक्यात पक्कं बसलं.

मला वाटलं होतं तुम्ही आल्या आल्या रूळ पुसायला घ्याल. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि मल्टिमीटर मागितलात. मी आधीच मोजून ठेवलं होतं, सगळीकडे 12 व्होल्ट, म्हणून जरा ऐटीतच सांगितलं. "इंजिन उभं असताना मोजलंस ना? करंट वाहतच नसेल तर व्होल्टेज पडेल कुठून?" मग लेकीने इंजिन चालवलं, तुम्ही बोगद्यापाशी टोकं टेकवलीत आणि आकडा आला 7.4. कंट्रोलरपाशी 12, इथे 7.4. गुन्हेगार निघाली एक सैल फिशप्लेट, म्हणजे रुळांचे दोन तुकडे जोडणारी पट्टी, जिच्या आत हिरवट काळा थर बसला होता. मी महिनाभर रुळांचा माथा घासत होते आणि दुखणं सांध्यात होतं.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म गेलेल्या माणसाला हे दिसायला वेळ लागला नाही. "आमच्याकडे सांध्या-सांध्याला बाँडच्या तारा ठोकतात," तुम्ही म्हणालात, "फिशप्लेटवर भरवसा ठेवून ट्रॅक सर्किट चालत नाही." (ट्रॅक सर्किट म्हणजे रुळांतून वीज सोडून वर गाडी आहे की नाही ते ओळखणारी यंत्रणा.) आणि मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून बारीक वायरी सोल्डर करून त्या जाड वायरीला जोडून दिल्यात. दोन रविवार गेले. पैशाचा विषय काढला तर रागावलात.

चाकांची युक्ती तर मी आता येईल त्याला दाखवते. रुळांवर आडवी कापडाची पट्टी, तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब. इंजिनाची अर्धी चाकं कोरड्या रुळावर, अर्धी पट्टीवर. इंजिन हाताने धरून ठेवायचं, वीज हळूच सोडायची. कोरडी चाकं करंट घेतात आणि पट्टीवरची जागच्या जागी फिरत स्वतःला पुसून घेतात. मग इंजिन उलटं फिरवायचं. पहिल्यांदा पट्टीवर उमटलेले काजळासारखे दोन पट्टे बघून लेक म्हणाली, "ई, आई, हे सगळं आजोबांच्या काळातलं?" आजोबांच्या काळातलं नव्हे, बहुतेक माझंच: चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात, त्यांची काजळी, वर मी हौसेने ओतलेलं शिलाई मशीनचं तेल.

एका बाबतीत तुमचं ऐकलं नाही, तेही सांगून टाकते. रूळ पुसायला तुम्ही अल्कोहोलच सांगितलंत. मी आता टर्पेंटाइन वापरते, खिडकी उघडी ठेवून, आणि पूर्ण सुकल्याशिवाय वीज देत नाही. माझ्याकडे तरी काळेपणा उशिरा येतो. भांडायचं असेल तर या.

तुम्ही सांगितलेली सायडिंगची, म्हणजे बाजूच्या कमी वापरातल्या रुळाची, गोष्ट लेकीने शाळेतही सांगितली. गाडी बरेच दिवस गेली नाही की रुळावर गंज चढतो, आणि मग वर गाडी उभी असूनही यंत्रणेला रूळ रिकामा वाटतो. खरं इंजिन निदान वजनाने थर चिरडतं. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-7 हे विजेचं इंजिन भरतं 123 टन. आमचं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, 310 ग्रॅम. त्याने काय चिरडावं! म्हणून तुमच्या हुकमाप्रमाणे रोज संध्याकाळी सहाला दहा फेऱ्या होतात, पाहुणे असले तरी.

तुमची सोल्डर करताना लावायच्या फ्लक्सची डबी इथेच राहिली आहे. मुद्दाम पाठवत नाही. रविवारी न्यायला या, सहाच्या आत. पहिली फेरी तुम्ही सोडायची असं लेकीने ठरवलंय, आणि हिरवा झेंडा माझ्या जुन्या ओढणीचा शिवलाय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची