सेन्सर प्राणवायू मोजतो, पेट्रोल नव्हे

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांवरचा लेख वाचला. मराठीत या विषयाला सहसा कोणी हात घालत नाही, त्यामुळे आनंद झाला. सोबत छापलेले इंजिन मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळातले, पंख्याबरोबर सिलिंडरही गरगर फिरणारे आहे. लेखात वर्णन आहे ते माझदाच्या मोटारींतल्या व्हँकेल इंजिनाचे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्याचे. छायाचित्राचे एक वेळ सोडून देऊ. पण ‘मीटर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दाखवू लागला की पेट्रोल वाढवावे’ हा सल्ला सोडून देण्यासारखा नाही.

नौदलाच्या हवाई शाखेत इंजिनांवर काम केले. आता वेंगुर्ल्यात मच्छीमारांची आउटबोर्ड मशीने दुरुस्त करतो. माझा भाचा टेक्सासमध्ये दोन आसनांचे विमान बांधतो आहे. इंजिन माझदाचे १३बी, दोन रोटरांचे, १३०८ सीसीचे. त्याची संध्याकाळ ती आमची पहाट, त्यामुळे चाचणीच्या नोंदी माझ्या फोनवर येतात तेव्हा इकडे होड्या किनाऱ्याला लागत असतात.

अशा इंजिनाला पेट्रोलचा तयार तक्ता मिळत नाही. संगणक इनटेकमधला (हवा आत घेणाऱ्या नळीतला) दाब आणि फेरे पाहून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो, पण कोणत्या दाबाला किती, हे आकडे माणसालाच भरावे लागतात. पेट्रोल पुरते जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. पूर्ण ताकद हवी तर साडेबारा-तेराच्या आसपास ठेवायचे. कागदावर एवढेच. खरी कटकट असते ती इंजेक्टरांच्या दुसऱ्या जोडीची. कमी दाबाला दोनच इंजेक्टर चालतात, पुढे चारही उघडतात आणि त्या क्षणी प्रत्येकाचा वेळ निम्मा व्हावा लागतो. त्यातही इंजेक्टर उघडायलाच सुमारे एक मिलिसेकंद जातो; बॅटरी उतरली की त्याहून जास्त. हा हिशेब चुकला की मिश्रण एकदम उडी मारते.

भाच्याचे नेमके तिथेच अडले. विमान मागून दोराने बांधून इंजिन चालवले, की चार इंजेक्टर उघडताच ते मिसिंग मारू लागे, म्हणजे मधूनमधून न पेटता अडखळे. मीटर म्हणे लीन. त्याने पेट्रोल वाढवले, मिसिंग वाढले. पुन्हा वाढवले, तर इंजिन बंदच पडले. मी प्लग काढून फोटो पाठवायला सांगितले. ते काजळीने काळेकुट्ट! ‘मेल्या, आधी पेट्रोल कमी करून बघ,’ म्हटले. ‘मामा, पण मीटर...’ हे त्याचे पालुपद. मीटर ज्याच्यावर चालतो तो एक्झॉस्टमधला सेन्सर प्राणवायू मोजतो. जास्त पेट्रोलमुळे ठिणगी वाया गेली तर न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला प्राणवायूही बाहेर पडतो, आणि सेन्सर त्यालाच लीन समजतो. शेवटी त्याने कमी केले आणि इंजिन सुतासारखे सरळ झाले. दुसऱ्या जोडीचे इंजेक्टर तक्त्यात धरले होते त्याहून मोठे निघाले.

म्हणून मिसिंग असेल तर मीटरआधी प्लग बघावा. मधल्या ताकदीवर थोडे पेट्रोल कमी करावे. इंजिन सुधारले तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, होते. पूर्ण ताकदीवर मात्र हा प्रयोग अजिबात करू नये. तिथे लीन झाले की नॉकिंग होते (मिश्रण स्फोटासारखे पेटून ठोके बसतात), रोटरच्या टोकाची सील तुटते आणि त्या रोटरचे कॉम्प्रेशन जाते. रोटर दोनच, म्हणजे राहिले काय? शिवाय सारा तक्ता जमिनीवर भरता येत नाही. दोराने बांधून ठेवलेल्या विमानात इनटेकचा दाब कमी आणि फेरे जास्त, ही उतरतानाची स्थिती येतच नाही. ते आकडे हवेतच, धावपट्टीच्या माथ्यावर पुरेशी उंची राखून लावावे लागतात. शिसे असलेले विमानाचे पेट्रोल वापरले तर सेन्सर लवकर मरतो, हेही लेखात यायला हवे होते.

लेख वाचून इकडच्या कोणा तरुणाला हुरूप आला असेल तर त्याच्यासाठी थोडे. आपल्याकडच्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याला हवा कमी लागते, साधारण साडेतेरा पट. निव्वळ पेट्रोलवर बसवलेला तक्ता त्यावर सात-आठ टक्के लीन चालेल. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे आमच्या दमट किनाऱ्यावर अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर ठेवू नये. उलट जुलैच्या हवेत तीन-चार टक्के वाफच असते. दाब मोजणारा संगणक तिलाही हवा समजून पेट्रोल सोडतो आणि मिश्रण तेवढे रिच होते. हिवाळ्यातल्या कोरड्या सकाळी जमवलेले पावसात तपासून घ्यावेच लागते.

एक विनंती. डीआरडीओच्या ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी देशात बनवलेले व्हँकेल इंजिन २००९ मध्ये उडाले. त्या कामात अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेचा वाटा होता. तिथल्या निवृत्त तंत्रज्ञांपैकी कोणाकडून आपण लिहून घ्याल का? त्यांनी मिश्रण कसे बसवले, हे मला आणि भाच्याला दोघांनाही वाचायचे आहे.

आपला,
एक निवृत्त नौदल तंत्रज्ञ, वेंगुर्ले