तुला ॲडमिन राइट्स का देत नाहीत

नौपाडा, ठाणे

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

सकाळी तू ऐरोलीहून येतेस तेव्हा तुला झोप हवी असते आणि संध्याकाळी निघतेस तेव्हा घाई. आपलं बोलणं डब्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. रविवारी तू तणतणलीस, "कंपनीचा माझ्यावर विश्वास नसेल तर घेतलं कशाला?" तेव्हा मी गप्प बसले. बाबा तुझी बाजू घेत होते आणि दोघांशी एकदम वाद घालायचं त्राण नव्हतं.

तुझं गाऱ्हाणं मला समजलं ते असं. प्रोबेशन संपलं तरी पूर्ण ॲडमिन राइट्स, म्हणजे सर्व्हरवर काहीही करायची मुभा, नाहीत. तुमची कंपनी सांभाळते त्या हॉस्पिटलांच्या सर्व्हरवर जायचं तर आधी तिकीट, म्हणजे लेखी विनंती, टाकायचं, कुणीतरी ते मंजूर करायचं, मग ठरावीक वेळापुरता प्रवेश मिळतो. आत गेल्यावर तू दिलेली प्रत्येक कमांड नोंदली जाते. सोबतच्या मुलाचंही असंच, पण त्याला काही वाटत नाही, तुला वाटतं.

मी बँकेत कॅशमध्ये होते तेव्हा स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या. एक हेड कॅशियर म्हणून माझ्याकडे, दुसरी ऑफिसरकडे. दोघं हजर नसलो तर दार उघडायचं नाही, मग बाहेर केवढीही रांग असो. डुप्लिकेट किल्ल्या तर आमच्या शाखेत नसायच्याच, त्या दुसऱ्या शाखेत. व्हाउचर लिहिणारा ते पास करत नाही, हेही तसंच. कॉम्प्युटर आल्यावर त्याला मेकर-चेकर म्हणू लागलो, एवढाच फरक. मला यात कधी अपमान वाटला नाही. संध्याकाळी कॅश जुळली नाही की सगळ्यांच्या नजरा आधी कॅशियरकडे वळतात. अशा वेळी "मी एकटी आत गेले नाही, जाऊच शकत नव्हते" असं रजिस्टर पुढे करून म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या परिपत्रकात तर आणखी पुढचं आहे: नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न कळवता, रजेवर पाठवायचं. त्या काळात त्याने कामाला हात लावायचा नाही, फार तर ऑफिसचा ईमेल बघायचा. दहा दिवस दुसरं कुणी खुर्चीत बसलं की जे झाकलेलं असतं ते वर येतं. आणि झाकलेलं काही नसेल तर माणसाला फुकटची रजा मिळते.

तुझ्या कपाटात कोर्सच्या झेरॉक्स पडल्या आहेत त्या मी चाळल्या. साल्ट्झर आणि श्रोडर या दोघांचा कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या सुरक्षेवरचा १९७५ चा लेख त्यात आहे. इंग्रजी जड आहे, पण आठ तत्त्वांची यादी मला कळली, आणि एका जागी तर मी खूश झाले. अधिकार दोघांत वाटून द्या, हे सांगताना त्यांनी उदाहरण दिलंय ते बँकेच्या लॉकरचं! लगेच पुढचं उदाहरण अण्वस्त्राचं, दोन माणसांनी आदेश दिल्याशिवाय न सुटणाऱ्या. आमचा लॉकर विभाग त्या पंक्तीत बसेल असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नसतं. कामापुरताच अधिकार द्यावा, हेही त्याच यादीत आहे. आणि तू त्याखाली पेन्सिलने दोन रेघा मारल्या आहेस.

पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट बँकेपेक्षा वेगळी आहे, आणि माझ्या मते रविवारी तुझ्या लक्षात न आलेली तीच. माझी किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. मी काही केलं तरच ती फिरायची. तुझे राइट्स मात्र तू झोपलेली असतानाही दुसरं कुणी वापरू शकतं. तुझ्या कंपनीचा अविश्वास तुझ्या लॅपटॉपवर आहे.

२७ जून २०१७ आठवते का? न्हावा शेव्याला, जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्सचं काम बंद पडलं होतं. ते टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं. नॉटपेट्या नावाचा व्हायरस निघाला युक्रेनमधून, कर भरायला तिथे वापरतात त्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि फटका बसला इथे उरणच्या रस्त्यावरच्या ट्रेलरवाल्यांना. तो ज्या वाटांनी पसरला त्यातल्या एका भगदाडावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तरीही पॅच मारलेली मशीनं पडली, ती कशी? एखाद्या कॉम्प्युटरवर ॲडमिनने लॉगिन केलं असेल तर त्याची ओळख त्या मशीनच्या मेमरीत राहते. नॉटपेट्या ती उचलायचा आणि ॲडमिन बनून पुढच्या मशीनवर जायचा. म्हणजे ज्याच्याकडे सगळीकडचे राइट्स, त्याचं एक लॉगिन सापडलं की सगळीकडचं दार उघडं. त्या प्रामाणिक, हुशार, कदाचित तुझ्यासारख्याच कामसू ॲडमिनने काहीही वाईट केलं नव्हतं.

मर्स्कला १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा उभे करावे लागले. त्यांच्या अध्यक्षांनीच हे आकडे पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितले. नेटवर्कवर कोण कोण आहे याची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. बॅकअप आहे असं कुणी छातीठोक सांगितलं की मला हा घानाचा किस्सा आठवतो. तुमच्याकडे बॅकअप घेतात हे तू सांगितलंस. त्यातून एखादं हॉस्पिटल परत उभं करून बघितलंय का कुणी?

माहितीची सुरक्षा म्हटलं की लोकांना फक्त गुपित फुटण्याची भीती दिसते. जेएनपीटीत कुणाचं गुपित फुटलं नव्हतं, काम थांबलं होतं. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिसऱ्या प्रकाराची: माहिती जागेवर आहे, दिसते आहे, पण बदललेली आहे. हॉस्पिटलच्या नोंदीत रक्तगट बदलला तर कळणार कुणाला, आणि कधी?

यावरून नोंदींचं सांगते, कारण "माझी प्रत्येक कमांड लिहून ठेवतात" हे तुला सगळ्यात जास्त बोचलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत चोर शिरले. न्यूयॉर्कमधल्या तिच्या खात्यातून जवळजवळ ९५ कोटी डॉलर काढायचे आदेश त्यांनी पाठवले. ८.१ कोटी फिलिपिन्समध्ये पोहोचले. श्रीलंकेला जाणाऱ्या रकमेत 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं होतं, म्हणून मधल्या बँकेने विचारणा केली आणि ती अडली. (कॅशियरचा जीव सुखावतो अशा वेळी.) पण चोरांची खरी करामत पुढे आहे. प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप छापणारा प्रिंटर त्यांनी आधी मुका केला होता. म्हणून तुझ्या कमांडची नोंद तुझ्या हाती लागेल अशा ठिकाणी असता कामा नये, आणि तुझ्या मॅनेजरच्याही नाही. ती तशी आहे का, हे विचार. हा प्रश्न रागावण्यापेक्षा जास्त जड जाईल त्याला.

आता तुझ्या बाजूचं. त्याच आठ तत्त्वांत शेवटचं आहे की बंधन माणसाला सहज पाळता येईल असं हवं, आणि ते सगळ्यात कमी पाळलं जातं. तू म्हणालीस की तिकीट मंजूर व्हायला कधी कधी अख्खी शिफ्ट जाते आणि मग सीनियर मुलगा फोनवर आपला पासवर्ड सांगून मोकळा होतो. हे मात्र भयंकर आहे! इथे नियम कागदावर राहतो आणि आत कोण गेलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. शाखेत दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती आली तेव्हा लोक महिन्याचं नाव आणि साल टाकू लागले होते. अमेरिकेच्या मानक संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका.

तर राइट्स मागू नकोस, वेळेवर मंजुरी माग. रात्रपाळीला तिकीट मंजूर करणारं माणूस जागं असावं. अगदी आणीबाणीत उघडता येईल असं एक वेगळं खातं असावं, आणि ते उघडलं की लगेच दोन-तीन जणांना मेसेज जावा. आणि तो सीनियर पुन्हा पासवर्ड सांगू लागला तर ऐकूच नकोस, त्याच्या नावाने तू आत गेलीस तर दोघंही अडकाल. मॅनेजरशी बोलताना कुठलं तिकीट किती वाजता टाकलं आणि किती वाजता उघडलं ते लिहून ने. तक्रार अशी केली की ऐकतात.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी वाय-फायचा पासवर्ड शेजारच्या मुलांना, एसी दुरुस्त करायला आलेल्याला आणि बहुतेक सोसायटीच्या वॉचमनलाही दिला आहे. येत्या रविवारी तो बदल आणि पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करून ठेव. नवा पासवर्ड बाबांना कळवायचा की नाही, ते आपण दोघी ठरवू.