बालगीते ऐकवायची की खेळायची?

महोदय,

देवगड तालुक्यातील ज्या बालवर्गात माझी नात जाते, तेथे गाण्याचा तास म्हणजे मुलांना हाताची घडी घालून ओळीत बसवायचे आणि मोबाइलवर गाणे लावायचे, असा प्रकार झाला आहे. (आवाजही इतका मोठा, की मुलाला स्वतःचा सूर ऐकू येऊ नये!) याउलट आमच्या वाडीतील अंगणवाडीच्या सेविका दोन करवंट्या वाजवतात, ठोका चालू असेपर्यंत मुले रिंगणात चालतात आणि तो थांबला की जागच्या जागी उभी राहतात. होडीच्या खेळात दोघे समोरासमोर बसून, हात धरून, गात गात पुढेमागे झुलतात. वारा सुटला म्हटले की लय वाढते, खाडीत शिरलो म्हटले की संथ होते. कान देऊन ऐकणे, ऐन वेळी स्वतःला आवरणे आणि जोडीदाराशी जुळवून घेणे हे सारे त्यात ओघाने येते. घरी मालवणी बोलणारे, वर्गात गप्प राहणारे मूल प्रमाण मराठीतील ओळ गाण्यात मात्र न बुजता म्हणून जाते, हे मी स्वतः पाहिले आहे.

याला खर्च येत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये उत्तर कोकणातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्याच वस्तू साधने म्हणून वापरल्या. सेविकांच्या प्रशिक्षणात गाण्यांचे कागद वाटण्याऐवजी हे खेळ त्यांच्याकडून प्रत्यक्ष खेळवून घ्यावेत आणि पावसाळ्यात पडवीत मावतील असे काही खेळ त्यात आवर्जून असावेत, ही विनंती.

– एक आजोबा, देवगड